ऑर्व्हल टॅकेटचं पोलाद

हे मी मराठीत लिहितेय त्याला कारण आहे. अमेरिकेतल्या आमच्या ब्रायर फोर्डमध्ये मराठी वाचणारं माझ्याशिवाय कुणी नाही. इंग्रजीत लिहिलं तर आठवड्याच्या आत कॅफेत सगळ्यांच्या तोंडी होईल आणि एका बाईचं उरलेलं आयुष्य नासेल. ती बाई कोण ते पुढे येईलच.

गावात कुणालाही विचारा, ऑर्व्हल टॅकेट म्हणजे कोण? सांगतील, ज्याच्या कच्च्या पोलादानं हॉलिस गेंट्रीचा जीव घेतला तो. हे खोटं आहे. आणि हे खोटं ऑर्व्हलच्या कुण्या शत्रूनं पसरवलं नाही, त्यानं स्वतः पसरवलं. मला ते पहिल्यापासून ठाऊक होतं. माझ्यासारख्या फटकळ बाईनं इतकी वर्षं तोंड मिटून काढली, यावरून काय ते समजा.

ऑर्व्हल उंच, खांद्यातून वाकलेला, कानात केसांचे झुबके. उमेदीची सगळी वर्षं बुटांच्या कारखान्यात यंत्रं दुरुस्त करण्यात गेली. कारखाना बंद पडला तेव्हा लिलावात त्यानं आपला लेथ तेवढा उचलला आणि घराच्या गॅरेजात आणून ठेवला. बायको ओपल लवकर गेली, मूलबाळ नाही. गॅरेजात तेलाचा वास, भिंतीवर ओपलनं विणलेलं एक वेडंवाकडं तोरण आणि शेगडीवर कायम उकळून कडू झालेली कॉफी. ती कॉफी जो निमूट पिईल त्याचंच काम ऑर्व्हल घ्यायचा, असं लोक म्हणत.

काम होतं जुन्या घाटाच्या रिव्हॉल्व्हरांचं. महिन्यातून एका शनिवारी आमच्याकडचे निम्मे म्हातारे काउबॉय होतात. हसू नका. तुमच्याकडचे म्हातारे भजनी मंडळात जातात, इथले चुनखडीच्या बंद खाणीत जाऊन लोखंडी पाट्यांवर नेम धरतात. जाकिटं, उंच बूट, मिशांना मेण. प्रत्येकानं एक टोपणनाव घ्यायचं, आणि ते नाव मंडळाच्या नोंदीत एकदा गेलं की दुसऱ्या कुणी घ्यायचं नाही, माणूस मेला तरी नाही. हंगामाच्या शेवटच्या शनिवारी, त्या वर्षी जे गेले त्यांची टोपणनावं तीन-तीनदा मोठ्यानं पुकारतात. उत्तर येत नाही. मग प्रत्येकाच्या नावानं पाच गोळ्या झाडतात. पाचच, कारण रिव्हॉल्व्हरच्या चाकाला घरं सहा असली तरी आमच्यात भरायची पाच. घोडा टेकतो ते घर नेहमी रिकामं ठेवायचं, म्हणजे हातातून पडली तरी उडत नाही.

ऑर्व्हलचं टोपणनाव होतं मालगाडी. कारण उघड आहे. बाकीचे पाच बार पापणी लवायच्या आत उडवायचे; हा एक बार काढायचा, पाटीकडे बघायचा, समाधान झालं की दुसरा. रसेल आमचा अध्यक्ष, हातात घड्याळ घेऊन ओरडायचा, “मालगाडी, पुढचा थांबा कधी? आम्ही जेवून येऊ का?”

“या की,” ऑर्व्हल म्हणायचा. “माझ्या वाटणीचं ठेवा.”

हॉलिस गेंट्री त्याचा शाळेपासूनचा मित्र. त्याचं नाव पाद्र्याची डोकेदुखी, आणि तो होताही तसाच. चर्चमध्ये प्रवचन चालू असताना मागच्या बाकावरून दाद द्यायचा. त्याची बायको नॅडीन ठेंगणी, हसली की खिडक्या थरथरायच्या. मी नेम धरत नाही, मी चुका मोजते; कुणाच्या किती पाट्या हुकल्या ते लिहून घ्यायचं काम माझ्याकडे. म्हणून मला त्यांनी नाव दिलं मास्तरीणबाई. तशी मी होतेच. पलीकडच्या गावातल्या कॉलेजात मी धातुशास्त्र शिकवायचे.

आता थोडं यंत्राचं. कंटाळा करू नका, सगळं त्याच्यावरच आहे.

हॉलिसजवळ होती ती रिव्हॉल्व्हर म्हणजे यादवी युद्धातल्या हत्याराची हुबेहूब नक्कल, इटलीहून आलेली. तिला काडतूस लागत नाही. चाकाच्या एकेका घरात काळी दारू ओतायची, वर शिसाची गोळी दाबून बसवायची, मागे ठिणगी पाडणारी टिकलीएवढी टोपी लावायची. बार उडाला की ढगासारखा धूर आणि सडक्या अंड्यांचा वास. घरी आल्यावर हत्यार पूर्ण उघडून साबणाच्या कढत पाण्यात धुवायचं, नाहीतर सकाळी गंज. ऑर्व्हल काय करायचा, ते चाक काढून त्याच्या जागी चांगल्या पोलादाचं नवं चाक घडवायचा, आरपार भोकांचं, मागे काडतुसावर आघात करणाऱ्या सुयांची चकती. मग त्याच जुन्या घाटाच्या हत्यारात आजचं काडतूस बसतं.

बसतं म्हणून वाटेल ते काडतूस घालायचं नाही, हा ऑर्व्हलचा पहिला नियम. चाक नवं असलं तरी सांगाडा त्या जुन्या बेताचाच. “दात पडलेल्या माणसापुढे मऊ उकडलेलं ठेवायचं,” तो म्हणायचा, “भाजलेलं कणीस ठेवून बघत बसायचं नाही.” मऊ म्हणजे सौम्य भराईचं काडतूस. दुसरा नियम, पितळी सांगाड्याला हात लावायचा नाही; पितळ ताणलं जातं. एकदा एक पाहुणा पितळी सांगाड्याची चकाकती रिव्हॉल्व्हर घेऊन आला. दुप्पट देतो म्हणाला. ऑर्व्हलनं ती उलटसुलट पाहिली, परत त्याच्या हातात दिली आणि म्हणाला, “फायरप्लेसवर ठेव. पाहुणे आले की छान दिसेल.” तिसरा नियम, प्रत्येक चाक हत्यारात बसवायचं आणि ते आधी जुन्या टायरला बांधून, मागच्या ओढ्यात ठेवून, लांबून दोरीनं उडवायचं, तेही मुद्दाम जड भराईनं. तरलं तर त्यावर छोट्या ऐरणीचा छाप ठोकायचा. ती ऐरण म्हणजे ऑर्व्हलची सही. बँकेतल्या सहीपेक्षा तिला आमच्याकडे जास्त मान होता.

हॉलिसला संधिवात झाला. बोटं आल्याच्या गड्ड्यासारखी झाली. एका शनिवारी तो साबणाच्या पाण्यात हात घालून बसला होता आणि डोळ्यांतून पाणी येत होतं, धुरामुळे म्हणाला. ऑर्व्हलनं टॉवेल दिला.

“दे ती इकडे,” ऑर्व्हल म्हणाला. “चाक बदलून देतो. नवी दारू वापर. धूर नाही, धुणं नाही. फडकं मारलं की झालं.”

“म्हणजे मी फसवायचं? काळ्या दारूवर वाढलेला गडी मी.”

“लेका, तू दुधावर वाढलास, आता ते पचतं का?”

नॅडीन लांबून ओरडली, “घे रे करून! त्या अंड्याच्या वासात मी चाळीस वर्षं झोपतेय!”

हॉलिसच्या सत्तरीला ऑर्व्हलनं ते चाक भेट दिलं. त्यानं बनवलेल्यांतलं ते सगळ्यांत देखणं होतं, निळसर झाक असलेलं. मी ते हातात घेतलं आणि उगीच परत द्यावंसं वाटेना. माझ्या धंद्यातल्या माणसाला चांगलं पोलाद हाताला कळतं.

काडतुसं नॅडीन भरायची. रिव्हॉल्व्हर आत्ता काडतुसावर आली, पण हॉलिसच्या शिकारीच्या बंदुकीची काडतुसं लग्नापासून तिचीच. विकतच्याला ती नाक मुरडायची. स्वयंपाकघरातल्या टेबलाच्या एका टोकाला हाताचं दाबयंत्र पक्कं केलेलं, दुसऱ्या टोकाला पिठाचा डबा. लाकडी तबकात पितळी पुंगळ्या रांगेनं उभ्या करायच्या, मापानं एकेकीत दारू ओतायची, मग वर गोळी दाबायची. काळी दारू पुंगळीत काठोकाठ लागते. मूळची ती पुंगळी तेवढ्यासाठीच बेतलेली. त्यामुळे चूक होऊच शकत नाही. दुसऱ्यांदा ओतलं तर टेबलावर सांडेल. नवी दारू जोरकस, तळाला चिमूटभर पुरते. पुंगळी बघितली तर रिकामी वाटावी. आणि चुकून दुसरं माप पडलं तरी सांडत नाही, काही नाही. मुकाट आत मावतं.

ऑर्व्हलनं हे नॅडीनला माझ्यासमोर सांगितलं होतं. “रांग भरून झाली की गोळी बसवायच्या आधी प्रत्येकीत बॅटरी मारून बघायचं. प्रत्येकीत. वचन दे.”

“ऑर्व्हल टॅकेट,” ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, “तुला नाडी बांधता येत नव्हती तेव्हापासून मी काडतुसं भरतेय.”

“तू माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान आहेस.”

“मग अजूनच लाज वाटू दे!”

सगळे हसले. मीही हसले.

अक्रोड पडायचे दिवस होते. गेंट्रींच्या गोठ्यामागे हॉलिस सराव करत होता, ऑर्व्हल बाजूला उभा. नॅडीन दारात बसून अक्रोडांची हिरवी सालं काढत होती. तिसरा बार उडाला तो वेगळाच उडाला. चाकाची वरची घरं फाटून उघडली, सांगाड्याची वरची पट्टी कमानीसारखी उचलली गेली आणि एक तुकडा हॉलिसच्या चष्म्याच्या वरून, कपाळात गेला. हॉस्पिटलात नेईपर्यंत श्वास होता. नंतर फार टिकला नाही.

दफनाच्या दुसऱ्या दिवशी ऑर्व्हल माझ्याकडे आला. कॉफीच्या डब्यात तुकडे होते. गवतात रांगून एकेक वेचलेले. दाढी केलेली नव्हती.

“मास्तरीणबाई, तुमच्याकडे ते भिंग आहे ना कॉलेजात? मला खरं काय ते सांगा. माझी कीव करू नका.”

“कीव मला करता येत नाही,” मी म्हटलं, “बस.”

मी तुकडे कापले, घासून आरसा केले, आम्लानं धुतले, सूक्ष्मदर्शकाखाली धरले. कठीणपणा मोजला. आदली चीर कुठे नव्हती, मळ नव्हता, पाणी देण्यात कसूर नव्हती. वर्गात दाखवायला ठेवावं असं पोलाद. ते तुटलं होतं ते एकदाच, एका दमात, त्याच्या ताकदीच्या कितीतरी पलीकडचा दाब बसल्यामुळे. फुटलेल्या घरातली पुंगळी तर वितळल्यासारखी पसरून पोलादाला चिकटली होती. असं सौम्य भराईनं होत नाही.

मी त्याला सांगितलं, “तुझं पोलाद निर्दोष आहे. काडतुसात दुप्पट दारू होती.”

मला वाटलं, हा सुटकेचा श्वास टाकेल. त्यानं खिशातून एक छोटी पुडी काढली. हॉलिसच्या खोक्यातली उरलेली काडतुसं त्यानं घरी उघडून पाहिली होती. बहुतेकांत माप बरोबर. एकात दुप्पट. पुडीत ती दारू होती.

“म्हणजे तुला आधीच माहीत होतं.”

“वाटत होतं, माझंही चुकलं असेल,” तो म्हणाला. “चुकलं असतं तर बरं झालं असतं.”

मग तो पुढे म्हणाला ते ऐकून मी चक्क खुर्चीवरून उठले. तो म्हणाला, शेरीफच्या माणसाला मी सांगून आलोय, चाकाचं पोलाद कच्चं होतं. दोष माझा.

“वेडा आहेस का तू? हे खोटं आहे!”

“आहे.”

“खोट्या कागदावर सही करतोस? तुझं नाव जाईल. गाव तुला खुनी म्हणेल.”

“म्हणू दे.”

“आणि ज्यांच्याकडे तुझी चाकं आहेत ते? त्यांना काय सांगणार?”

“परत मागवीन.” त्यानं डब्याचं झाकण लावलं. “मास्तरीणबाई, नॅडीनला रोज सकाळी उठून त्याच टेबलाशी बसायचंय. एकटीला. एका टोकाला यंत्र, दुसऱ्या टोकाला पीठ. मी खरं सांगितलं तर ती बसणार कुठे? माझ्यावर चिडायला तिला निदान माणूस तरी मिळेल. मला कोण आहे घरात? मला चालेल.”

“मला नाही चालणार.”

“तुम्हाला चालवून घ्यावं लागेल. तुकडे मी तुमच्या भरवशावर आणले.”

मी त्याला त्या दिवशी गाढव म्हटलं, भित्रा म्हटलं, आणखीही काही म्हटलं. त्यानं ऐकून घेतलं, डबा उचलला आणि गेला. मी वचन दिलं नव्हतं. पण न देताही काही वचनं अंगाला चिकटतात.

त्यानं खरंच चाकं परत मागवली. लोक मुकाट्यानं आणून देत होते, काही जण नजरेला नजर न देता अंगणातच ठेवून जात होते. मी गेले तेव्हा गॅरेजात करवत चालू होती. ऐरणीचा छाप असलेली एकेक चांगलं चाक तो शिकंज्यात धरून मधोमध कापत होता. आयुष्यभराचं काम. ठिणग्या उडत होत्या, तुकडे बादलीत पडत होते. मी करवतीचं बटण बंद केलं.

“हे कशाला? लपवून ठेव. फेकून दे नदीत.”

“अर्धवट खोटं टिकत नाही,” तो म्हणाला. “पोलाद वाईट होतं म्हणणारा माणूस ते जपून ठेवत नाही.” आणि बटण पुन्हा चालू केलं.

फक्त रसेलनं दिलं नाही. तो म्हणाला, “माझं हरवलंय.” ऑर्व्हल म्हणाला, “काल तर तुझ्या पट्ट्यात होतं.” रसेल म्हणाला, “आज हरवलं,” आणि गाडीत बसून निघून गेला.

थंडी सुरू झाल्यावर नॅडीननं मला बोलावलं. तिनं केक केला होता, रानातल्या पर्सिमन फळांचा, हॉलिसला आवडायचा तो. कापला पण दोघींनीही खाल्ला नाही. टेबल तेच. यंत्र अजून जागेवर होतं, त्यावर तिनं भांडी पुसायचं फडकं टाकलं होतं.

“तू धातूचं शिकवतेस,” ती म्हणाली. “त्यानं तुकडे तुला दाखवले, हो ना? मला कळलंय.”

“दाखवले.”

“मग सांग. माझ्याकडे बघून सांग. त्याच्या चाकामुळे झालं?”

शेगडीवर किटली होती. तिचं पाणी उकळायला लागलं होतं, ते बंद करायला मी उठले. तेवढाच वेळ मिळाला.

“ऑर्व्हल म्हणतो पोलाद कच्चं होतं,” मी म्हटलं. “आपलं पोलाद तो ओळखतो.”

हे खोटं नव्हतं. खरंही नव्हतं. माझ्या विद्यार्थ्यानं असं उत्तर लिहिलं असतं तर मी नापास केलं असतं.

तिनं श्वास सोडला. खांदे खाली आले. मग ती रडायला लागली, आणि रडता रडता बोलायला लागली, कारण आता बोलायला जागा झाली होती.

“आणि माहीत आहे, किती आनंदात होते गं मी त्या आठवड्यात? इथंच बसून त्याची काडतुसं भरत होते आणि शेरिलचा फोन आला. ‘आई, तू आजी होणार!’ म्हणाली. तबक तसंच टाकून मी उठले. तासभर बोललो आम्ही. नाचले मी गं या फरशीवर. परत येऊन भरायला बसले तर हात थरथरत होते आनंदानं. कुठपर्यंत आले होते तेसुद्धा आठवेना. हॉलिसला सांगितलं तर त्यानं मला उचलायचा प्रयत्न केला, त्या तसल्या हातांनी! आणि तो मेला ऑर्व्हल... बाळाचं तोंडसुद्धा बघू दिलं नाही त्यानं माझ्या हॉलिसला.”

काय ऐकलं ते मला कळलं होतं, बोलली तिला कळलं नव्हतं. शेरिल ही त्यांची एकुलती मुलगी, कॅन्सस सिटीला असते. ती आहे अजून. म्हणून हे मराठीत आहे.

त्यानंतर ऑर्व्हल खाणीकडे फिरकला नाही. हत्यारांच्या कामाचा परवाना परत केला. गवत कापायच्या यंत्रांची पाती आणि करवतींना धार लावून द्यायचा. चर्चमध्ये नॅडीन उजवीकडे बसायची, तो डावीकडे शेवटी. जाता-येता ती त्याच्यातून आरपार बघायची, जणू मध्ये माणूस नाही. एकदा कॅफेत तो आत आला तेव्हा ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, “मला दुसरीकडे बसवा, इथं मांस सडल्याचा वास येतोय.” त्यानं टोपी काढली, तिला अभिवादन केलं आणि कॉफी न पिता परत गेला. मी तिला काहीतरी टाकून बोलणार होते. बोलले नाही. जिभेला रक्त आलं तेव्हा कळलं की मी ती चावून धरली होती.

मी अधूनमधून गॅरेजात जायचे, ती कडू कॉफी प्यायला. एकदा विचारलं, “पश्चात्ताप होतो का?”

“लेथवाचून चुकल्यासारखं होतं,” तो म्हणाला. “दुपारी, जेवल्यावर. हात काहीतरी शोधतात.”

“विचारलं ते सांग.”

“नॅडीन परवा हसली चर्चमध्ये,” तो म्हणाला. “शेरिलची पोरगी दुडदुडत मधल्या वाटेवरून पळत सुटली तेव्हा. जुनं हसू. खिडक्या थरथरल्या. तुम्ही ऐकलंत ना?”

ऐकलं होतं.

एका फेब्रुवारीत तो गॅरेजातच गेला, स्टुलावर बसल्या बसल्या. दफनाला आम्ही मोजकी माणसं. जमीन इतकी गोठलेली की कुदळीला दाद देईना.

त्या वर्षीच्या शेवटच्या शनिवारच्या आधी मंडळाची बैठक झाली. रसेलनं नावं वाचली. दोन होती. मग म्हणाला, “आणि मालगाडी.”

नॅडीन उभी राहिली. तोवर ती काठी घेऊन चालायला लागली होती. “ते नाव पुकारलंत तर माझ्या नवऱ्याचं पुसून टाका आधी. दोन्ही एका जागी राहणार नाहीत.”

रसेल माझ्याकडे बघायला लागला. का माझ्याकडे, देव जाणे. त्यानं काही विचारलं नव्हतं कधी. मी उभी राहिले. माझ्या टेबलाच्या खणात तेव्हाही एक घासून आरसा केलेला तुकडा होता. चार वाक्यं पुरली असती. ऑर्व्हल मेला होता, त्याला आता काय फरक पडणार होता? फरक पडणार होता तो त्याच्या नावाला, आणि समोरच्या त्या म्हातारीला. तिचा हात काठीवर होता. काडतुसं भरणारा हात.

“मास्तरीणबाई, काही म्हणायचंय?” रसेलनं विचारलं.

“खिडकी बंद करा, वारा येतोय,” मी म्हटलं आणि खाली बसले.

नाव पुकारलं गेलं नाही.

नॅडीन मागच्या वर्षी गेली. झोपेत, शांत. शेवटच्या आजारात मी बसायचे तिच्याजवळ. एकदा म्हणाली, “माणसानं सगळ्यांना क्षमा करावी म्हणतात. एक सोडून सगळ्यांना केली मी.” मी उशी सारखी केली. दुसरं काय करणार होते?

शेवटच्या शनिवारी तिचं नाव पुकारायचं होतं म्हणून शेरिल आली, बरोबर तिची मुलगी, आता आईच्या खांद्याला लागलेली. मी बैठकीची वाट बघितली नाही. सरळ खाणीत, सगळ्यांसमोर रसेलला म्हटलं, “मालगाडीचं राहिलंय.”

सगळ्यांच्या नजरा शेरिलकडे गेल्या.

“आईला आवडलं नसतं,” ती म्हणाली.

“नसतं आवडलं,” मी म्हटलं.

“पण बाबांचा तो सगळ्यांत जुना मित्र होता. मुद्दाम थोडंच केलं त्यानं? माणसाच्या हातून चूक होते.” तिनं मुलीच्या खांद्यावर हात ठेवला. “पुकारा. मी त्याला केव्हाच माफ केलंय.”

माफ केलंय. मी चष्मा पुसला. उत्तर घशापर्यंत आलं होतं, ते परत खाली ढकललं. तेवढी सवय आता झाली आहे.

आधी नॅडीनचं नाव पुकारलं, तिच्या पाच गोळ्या झाल्या. मग रसेलनं टोपी काढली आणि खाणीच्या भिंतीकडे तोंड करून हाक दिली. मालगाडी. भिंतीनं ती परत केली. मालगाडी. तिसऱ्यांदा आवाज चिरकला त्याचा.

मग त्यानं कमरेची रिव्हॉल्व्हर काढली. मी जवळ उभी होते, म्हणून मला दिसलं. चाकावर छोटी ऐरण होती. त्यानं माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्याकडे. त्याला काय माहीत आहे ते मी विचारलं नाही, विचारणारही नाही.

एक बार. पाटी वाजली. तो थांबला, पाटीकडे बघत. घड्याळ कुणाच्याच हातात नव्हतं. दुसरा. पुन्हा थांबला. मागून कुणीतरी कुजबुजलं, “किती वेळ लावतोय हा,” आणि दुसरं कुणीतरी म्हणालं, “तो लावायचा तेवढाच.” तिसरा, चौथा. पोलाद धडधाकट होतं.

पाचव्यानंतर मी हातातल्या कागदावर मालगाडीच्या नावापुढे लिहिलं, चुका शून्य.